ए-लेव्हलला फिल्म स्टडीज: मराठी पालक आणि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये इयर इलेव्हनच्या हिवाळ्यात सिक्स्थ फॉर्मचे, म्हणजे सोळाव्या वर्षानंतरच्या दोन ए-लेव्हल वर्षांचे, अर्ज सुरू होतात. मराठी घरांत दोन विषय पटकन ठरतात, तिसऱ्यावर घोडं अडतं. मॅथ्स पक्कं, एखादं सायन्स किंवा इकॉनॉमिक्स पक्कं, आणि तिसऱ्या जागी मुलगी म्हणते, ‘फिल्म स्टडीज’. मग भारतातल्या आजोबांपर्यंत फोन जातात. त्या फोनांमध्ये जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः एज्युकास या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमाला धरून आहेत, कारण हा विषय शिकवणाऱ्या बहुतेक शाळा आणि कॉलेजं तोच घेतात. ओसीआर मंडळाचाही एक अभ्यासक्रम आहे, त्याचा उल्लेख गरजेपुरता येईल.

दोन वर्षं नुसते सिनेमेच बघायचे का?

बघायचे, पण त्यांच्यावर लिहायचं त्याहून जास्त. एज्युकासच्या अभ्यासक्रमात अकरा पूर्ण लांबीचे सिनेमे नेमलेले असतात आणि त्यांच्या जोडीला लघुपटांचा एक संच असतो. प्रत्येक सिनेमा एकदा सलग बघायचा, मग तुकड्यातुकड्याने, थांबवून, मागे नेऊन. कॅमेरा कुठे ठेवलाय, प्रकाश कुठून येतोय, कट नेमका कधी पडला, चौकटीत काय ठेवलंय आणि काय मुद्दाम बाहेर ठेवलंय, आवाज कुठला आणि शांतता कुठे, नटाने खांदा कधी पाडला. यातून अर्थ कसा तयार होतो, हे पुराव्यानिशी मांडायचं. त्याखेरीज तो सिनेमा कोणत्या काळात, कोणाच्या पैशावर, कोणत्या राजकारणात तयार झाला, हेही माहीत असावं लागतं.

स्वभावाने हा विषय इंग्लिश लिटरेचर आणि हिस्टरीचा सख्खा भाऊ आहे. ज्या मुलाला चार पानी निबंधाचा कंटाळा आहे त्याने केवळ सिनेमाच्या वेडापायी इकडे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. येणारी बरीच मुलं मात्र याच गैरसमजातून येतात, आणि पहिल्या टर्ममध्ये त्यांचे चेहरे उतरतात.

परीक्षा कशी असते?

अडीच-अडीच तासांचे दोन लेखी पेपर, प्रत्येकी ३५ टक्के. उरलेले ३० टक्के स्वतः केलेल्या निर्मितीला. ओसीआरची विभागणीही ३५-३५-३० अशीच आहे, फक्त तिथले पेपर दोन तासांचे असतात.

पहिल्या पेपरात तीन भाग. १९३० ते १९९० या काळातल्या दोन हॉलिवूडपटांची तुलना: एक जुन्या स्टुडिओ पद्धतीतला, एक साठच्या दशकानंतरचा. त्यात दिग्दर्शकाला सिनेमाचा ‘कर्ता’ मानायचं का, हा प्रश्न मध्यवर्ती असतो. मग अलीकडचे दोन अमेरिकन सिनेमे, एक मुख्य प्रवाहातला आणि एक स्वतंत्र. इथे भर प्रेक्षकाच्या प्रतिसादावर आणि सिनेमातल्या विचारसरणीवर. तिसऱ्या भागात दोन ब्रिटिश सिनेमे.

दुसऱ्या पेपरात जग येतं. एक युरोपीय आणि एक युरोपाबाहेरचा सिनेमा, एक माहितीपट, मूकपट आणि प्रायोगिक सिनेमा. मुलं सुरुवातीला सगळ्यात जास्त कुरकुरतात ती मूकपटावर. पण वर्गात बस्टर कीटनचे लघुपट लागले, की तीच मुलं खळखळून हसतात आणि शंभर वर्षांपूर्वीचा माणूस कॅमेऱ्यासमोर वेळ कशी साधतो, यावर वाद घालतात. प्रायोगिक सिनेमावर मात्र काहींचं मन शेवटपर्यंत बसत नाही. तिथे आवडीनिवडीला मार्क नसतात, त्यामुळे नावडत्या सिनेमावरही चांगलं उत्तर लिहिता येतं.

परीक्षेत पडद्यावर काही दाखवत नाहीत आणि वही-पुस्तकही नेता येत नाही. प्रसंग डोक्यात, क्रमासकट असावे लागतात.

इंग्लंडमध्ये सगळे गुण दोन वर्षांच्या शेवटच्या निकालात ठरतात. वेल्समध्ये एएसचे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या परीक्षेचे, गुण अंतिम निकालात धरले जातात, त्यामुळे कार्डिफला राहणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या भावंडांच्या वेळापत्रकावर विसंबू नये.

सिनेमे मुलं निवडतात का? आपले सिनेमे असतात का त्यात?

निवड शिक्षकांची असते. मंडळ प्रत्येक भागासाठी एक यादी देतं आणि शाळा त्यातून घेते. यादी अधूनमधून बदलते, म्हणून थोरल्या भावाच्या नोट्स धाकटीला जशाच्या तशा चालतील असं नाही. मंडळाच्या संकेतस्थळावरची चालू यादी बघा, आणि त्यातले कोणते सिनेमे घेता ते शाळेला विचारा.

आपले म्हणाल, तर २०१७ पासून शिकवल्या गेलेल्या यादीत युरोपाबाहेरच्या गटात ब्राझील, चीन, मॉरिटानिया, अर्जेंटिना आणि इराणच्या सिनेमांबरोबर मणिरत्नमचा ‘दिल से’ होता. मराठी सिनेमा त्या यादीत नव्हता.

‘दिल से’ तर आमच्या मुलीला पाठ आहे. मग तिला सोपं जाईल ना?

गाणी पाठ असतात. गणपतीच्या कार्यक्रमात तिने गाडीच्या टपावरच्या गाण्यावर नाच बसवलेला असतो. गाणं इतकं ओळखीचं असलं की त्यातली मांडणी दिसेनाशी होते, आणि परीक्षकाला हवी असते ती मांडणी.

गाण्याच्या आधीचा प्रसंग घ्या. रात्रीचं स्टेशन, सोसाट्याचा वारा. शालीत गुरफटलेली एक आकृती बाकावर. नायक तिच्याकडे काडेपेटी मागतो, उत्तर नाही. वाऱ्याने शाल उडते आणि ती बाई आहे हे त्याला आणि आपल्याला एकदमच कळतं. ती चहा मागते, तो धावत जाऊन आणतो, तोवर गाडी तिला घेऊन निघालेली. पावसात नायक चहा हातात घेऊन उभा.

‘शॉट सुंदर आहे, वातावरणनिर्मिती झाली आहे’ एवढं लिहिलं तर मार्क तळाचे. चांगला विद्यार्थी विचारतो: ती कोण आहे हे दिग्दर्शकाने आपल्यापासून का लपवलं, आणि लपवताना प्रेक्षकाला नायकाच्याच जागी का बसवलं? पुढे सिनेमाभर तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते उशिराच कळतं, अर्धवट कळतं. हा पहिला प्रसंग त्या पद्धतीची सुरुवात आहे. तिचं बोलणं एक कप चहापुरतं, त्याचं अखंड. तो रेडिओवाला आहे, आवाज त्याच्याकडे आहे. ईशान्येच्या माणसांचं म्हणणं आकाशवाणीच्या माइकमधून ऐकणारा दिल्लीचा माणूस, इथपर्यंत हा धागा नेता येतो. मग सिनेमाच्या राजकीय संदर्भावर वेगळा परिच्छेद चिकटवावा लागत नाही, तो त्या स्टेशनवरच उगवतो.

लगेच पुढे गाणं. कथेतली गाडी आसामातून निघालेली, चित्रीकरण निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर, संतोष सिवनचा कॅमेरा, खरोखरच्या धावत्या गाडीच्या टपावर नाच. काळोखातून एकदम उजेडात. पण नायिका या गाण्यात नाहीच. हे आपल्या मुलांच्या सहसा लक्षात येत नाही, आणि एकदा आलं की त्यांचं उत्तर बदलतं.

तेव्हा फायदा आहे, भाषेचा नक्कीच आहे. सबटायटलमध्ये सुटलेलं तिला ऐकू येतं. ब्रिटनमधल्या बॉक्स ऑफिसच्या पहिल्या दहांत गेलेला हा पहिला हिंदी सिनेमा म्हणून नोंदला जातो. तो बघायला कोण गेलं, हे घरातल्याच मोठ्यांना विचारता येतं. फक्त आधीचं प्रेम जरा बाजूला ठेवून बसावं लागतं.

मुलं सोळा वर्षांची आणि नेमलेल्या सिनेमांत ‘अठरा’ प्रमाणपत्राचेही असतात. हे चालतं?

चालतं. बीबीएफसीची (सिनेमांना वयाचं प्रमाणपत्र देणाऱ्या ब्रिटिश संस्थेची) वयोमर्यादा सिनेमागृहातल्या खेळांना आणि डीव्हीडीच्या विक्रीला कायद्याने लागू असते. वर्गात शिक्षणासाठी दाखवण्यावर तशी बंदी नाही, मात्र पालकांची संमती घ्यावी अशी अपेक्षा असते आणि शाळा बहुधा पत्र पाठवतात. हिंसा, शिव्या, लैंगिक प्रसंग यांतलं काही ना काही दोन वर्षांत येणारच. तुम्हाला किंवा मुलाला ते झेपणार नसेल, तर वर्ष सुरू झाल्यावर वाद घालण्यापेक्षा प्रवेशाआधी सिनेमांची नावं मागून घ्या. नेमलेला सिनेमा गाळून परीक्षा देता येत नाही.

यावर एक आगाऊपणाचा सल्ला: त्यातला एखादा सिनेमा मुलाबरोबर बसून बघा. अवघडल्यासारखं होईल, होऊ दे.

३० टक्के निर्मिती म्हणजे काय करायचं असतं?

एज्युकासमध्ये दोन वाटा. चार ते पाच मिनिटांचा लघुपट करायचा, किंवा १६०० ते १८०० शब्दांची लघुपटाची पटकथा लिहून तिच्यातल्या एका महत्त्वाच्या भागाचा छायाचित्रांचा स्टोरीबोर्ड करायचा. दोन्ही वाटांवर जोडीला १६०० ते १८०० शब्दांचं मूल्यमापन: आपण हे असं का केलं, अभ्यासलेल्या लघुपटांशी त्याचं नातं काय. ६० पैकी ४० गुण निर्मितीला, २० या लेखनाला. विषयाची चौकट मंडळ देतं, त्यामुळे मुलाने नववीत लिहून ठेवलेली अंतराळयुद्धाची गोष्ट इथे खपेलच असं नाही.

काम एकट्याचं असतं. मित्राला अभिनय करायला लावता येतं, कोणाला दिवा धरायला उभं करता येतं, पण निर्णय आणि श्रेय विद्यार्थ्याचं. गुण शाळा देते, मंडळ नमुने मागवून तपासतं.

पाच मिनिटं म्हणजे फार कमी वेळ. खून, पाठलाग, उलगडा आणि पश्चात्ताप हे सगळं त्यात कोंबणारी मुलं दरवर्षी असतात. स्वयंपाकघरात आई फोनवर मराठीत बोलतेय, मुलगा इंग्रजीत उत्तर देतोय आणि दोघंही भलत्याच गोष्टीबद्दल बोलताहेत, एवढ्यावर नेटका लघुपट होतो. आपल्या मुलांना असे प्रसंग फुकट मिळालेले असतात, पण ते त्यांना ‘सिनेमॅटिक’ वाटत नाहीत. वाटायला लावा.

पटकथेची वाट दुय्यम समजू नका. ज्याला लिहिता येतं आणि जो शनिवारी चार मित्र वेळेवर जमवू शकत नाही, त्याच्यासाठी तीच शहाणपणाची.

महागडा कॅमेरा घ्यावा लागेल का?

नाही. बऱ्याच कॉलेजांत कॅमेरे, ट्रायपॉड, माइक वापरायला मिळतात. फोनवरही चांगलं काम होतं. संकलनासाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. खर्च करायचाच असेल तर साध्या बाह्य माइकवर करा. मुलांचे लघुपट चित्रापेक्षा आवाजात जास्त मार खातात: मागे फ्रिज घरघरतोय आणि नायिका काय म्हणाली ते कळतच नाही.

चॅटबॉटकडून मूल्यमापन लिहून घेतलं तर?

गैरप्रकार ठरतो, आणि त्याची शिक्षा त्या कामाचे गुण जाण्यापासून पात्रताच रद्द होण्यापर्यंत असू शकते. शिक्षकांना मुलाची भाषा दोन वर्षं माहीत असते.

‘सोपा विषय’ म्हणून युनिव्हर्सिट्या नाक मुरडतात का?

हा खरा प्रश्न. बाकीचे त्याच्या आडून विचारले जातात.

यूकासच्या (विद्यापीठांचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेच्या) हिशेबात फिल्म स्टडीजचा ए-स्टार ५६ गुणांचा आणि फिजिक्सचाही ५६ गुणांचाच. पण निवडणाऱ्या युनिव्हर्सिट्या अनेकदा या गुणांपेक्षा विषय आणि ग्रेड बघतात. रसेल ग्रुप या नामवंत विद्यापीठांच्या गटाची ‘दारं उघडणाऱ्या विषयांची’ एक यादी होती, तीत फिल्म नव्हतं. ती यादी त्यांनी २०१९ मध्ये काढून टाकली. तरी काही कोर्सेसना आणि काही कॉलेजांना तीन पारंपरिक विषय आवडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणून प्रश्न उलटा विचारायचा. मुलाला पुढे काय करायचंय आणि त्या कोर्सला कोणते विषय लागतात? मेडिसिनला केमिस्ट्री-बायॉलॉजीची अट बहुतेक ठिकाणी असते, तिसरा विषय मोकळा असू शकतो. नेमकं काय ते त्या-त्या विद्यापीठाच्या पानावर बघा. इंजिनिअरिंगला मॅथ्स आणि बहुधा फिजिक्स. हे दोन सांभाळून तिसरं फिल्म घेता येईल, पण फर्दर मॅथ्स हवंसं वाटणाऱ्या कोर्ससाठी ती जागा अडवू नये. लॉ, हिस्टरी, इंग्लिश, पॉलिटिक्स, भाषा यांकडे जाणाऱ्याला फिल्मने अडचण क्वचितच येते, आणि निबंध लिहायची सवय कामी येते.

‘लोक काय म्हणतील’ यासाठी चौथ्या पसंतीचा नावडता विषय घेऊन तिथे सी आणण्यापेक्षा इथला ए बरा. आपल्याकडे अजूनही विषयाला जात असते, ही आमची जुनी तक्रार.

फिल्मच्या डिग्रीला हा ए-लेव्हल सक्तीचा आहे का?

सहसा नाही. वॉरिक, किंग्ज, सेंट अँड्र्यूज अशा ठिकाणी फिल्मचा अभ्यास अकादमिक विषय म्हणून होतो आणि तिथे निबंध लिहिता येणं महत्त्वाचं. निर्मितीकडे झुकणाऱ्या कोर्सेसना केलेलं काम दाखवावं लागतं. हॅरोकरांसाठी म्हणून सांगते, वेस्टमिन्स्टर युनिव्हर्सिटीचा फिल्मचा पदवी कोर्स हॅरोच्याच कॅम्पसवर चालतो. बीकन्सफील्डचं नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल नावाजलेलं आहे, पण तिथले मुख्य कोर्स पदवीनंतरचे.

मग मराठी सिनेमा बघितल्याचा काहीच उपयोग नाही?

पेपरात नाही, तिथे नेमलेलेच सिनेमे. युनिव्हर्सिटीच्या अर्जात आणि मुलाखतीत मात्र आहे. सगळे अर्जदार त्याच पाच अमेरिकन दिग्दर्शकांची नावं घेत असताना ‘कोर्ट’मधल्या लांबून, न हलता घेतलेल्या शॉट्सबद्दल दोन नेमकी वाक्यं बोलणारी मुलगी लक्षात राहते. १९३६ च्या ‘संत तुकाराम’बद्दल बोलता आलं तर आणखीच.

आणि हो, इंग्लंडात येऊन सिनेमा शिकणं हे आपल्याकडचं नवं खूळ नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला आले, वॉल्टन-ऑन-टेम्सला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि परतले. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’. फोनवरच्या आजोबांना हे सांगा, त्यांचा विरोध जरा निवळतो.

मीडिया स्टडीज आणि फिल्म स्टडीज एकच ना?

नाही. मीडियात वर्तमानपत्र, जाहिरात, रेडिओ, म्युझिक व्हिडिओ, ऑनलाइन माध्यमं असं सगळं येतं. सिनेमा त्यात थोडाच. काही कॉलेजं दोन्ही एकत्र घेऊ देत नाहीत, आणि दिली तरी घेऊ नयेत.

मुलाला लिहायचं नाही, फक्त बनवायचंय. त्याने काय घ्यावं?

बीटेक, पण भारतातली इंजिनिअरिंगची डिग्री नव्हे. ‘बीटेक’ असाच उच्चार होणारी इथली बीटीईसी ही व्यावसायिक पात्रता बघावी, किंवा यूएएलचा (युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनचा) क्रिएटिव्ह मीडियाचा लेव्हल थ्री डिप्लोमा. तिथे दिवसचे दिवस हातात कॅमेरा असतो आणि मूल्यांकन कामावर होतं. या पात्रतांच्या रचनेत आणि निधीत सरकार फेरबदल करत आहे, त्यामुळे कॉलेजला चालू परिस्थिती विचारूनच ठरवा.

आम्ही स्कॉटलंडला आहोत. किंवा उद्या पुण्याला परतलो तर?

स्कॉटलंडमध्ये ए-लेव्हलऐवजी हायर असतात, तिथे जवळचा विषय हायर मीडिया. नॉर्दर्न आयर्लंडच्या सीसीईए मंडळाचा ‘मूव्हिंग इमेज आर्ट्स’ नावाचा ए-लेव्हल आहे, आणि तो निर्मितीकडे अधिक झुकलेला आहे.

पुण्या-मुंबईतल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांपैकी काहींत डिप्लोमाला फिल्म हा विषय मिळतो, त्यात लेखी परीक्षा नसते, सगळं सादर केलेल्या कामावर. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेच्या मुख्य फिल्म अभ्यासक्रमांना आधी कुठलीतरी पदवी लागते, तेव्हा ए-लेव्हलला फिल्म घेतलं म्हणून तिथे थेट रांग पुढे सरकत नाही.

याने नोकरी मिळते का?

ए-लेव्हलने कुठल्याच विषयात नोकरी मिळत नाही. पण स्लाऊच्या मराठी कुटुंबांच्या शेजारीच पाइनवुड स्टुडिओ आहे आणि वॉटफर्डजवळ लीव्हस्डन स्टुडिओ. तिथे फक्त दिग्दर्शक नसतात: सुतार, लेखापाल, आवाज जुळवणारे, व्हिज्युअल इफेक्ट्सवाले, विम्याचे कागद बघणारेही असतात. सुरुवात रनर म्हणून, म्हणजे चहा आणण्यापासून, आणि काम कंत्राटी. सोळा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) फिल्म अकॅडमीचे छोटे कोर्स असतात, आधी तिथे हात मारून बघावा.

ओपन ईव्हिनिंगला, म्हणजे कॉलेज बघायला बोलावतात त्या संध्याकाळी, काय विचारावं?

नेमलेले सिनेमे कोणते, हे पहिलं. मग वर्गात किती मुलं, उपकरणं घरी नेता येतात का, आणि लघुपट व पटकथा यांतली निवड मुलांची की शिक्षकच ठरवून टाकतात. प्रवेशासाठी इंग्रजीत कोणता ग्रेड लागतो ते विचारा. पाच हा ग्रेड बऱ्याच ठिकाणी मागतात, जीसीएसईला (इयर इलेव्हनच्या परीक्षेला) फिल्म असण्याची गरज नसते. शेवटी गेल्या वर्षीचा एक चांगला निबंध वाचायला मागा, लघुपट नव्हे. लघुपट ते आपणहून दाखवतीलच. निबंध मुलाच्या हातात द्या आणि त्याने दुसरं पान उलटलं का, ते बघा.